शेवटच्या घराची नोंद

गडचिरोली जिल्ह्यातल्या गावांत १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुईणींच्या हाती एक छोटे उपकरण आले. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी, एवढेच त्यात होते. धाप लागलेल्या बाळाच्या पोटाकडे बघत श्वास मोजायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करायचे.

दोन महिने ते एक वर्ष या वयाच्या खोकणाऱ्या बाळाचा श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, तर तो न्यूमोनिया धरावा, असे वैद्यकशास्त्र सांगते. त्यासाठी एक्स-रे लागत नाही, स्टेथोस्कोपही लागत नाही. अडचण एवढीच होती, की अनेक सुईणींना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते. अशा वेळी ‘या बायांना हे काम जमायचे नाही’ असे म्हणून विषय संपवला जातो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी तो संपवला नाही. बाईला दहापर्यंत मोजता येते ना, मग पुढचा हिशेब मण्यांनी ठेवावा, असे त्यांनी ठरवले.

या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या ५८ गावांत सुईणी आणि गावातले आरोग्य कार्यकर्ते न्यूमोनिया ओळखून औषध देत होते, तिथे पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते. तुलनेसाठी निवडलेल्या ४४ गावांत ते १७.५ होते. कार्यकर्त्यांनी उपचार केलेल्या ६१२ रुग्ण बालकांत दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी होते. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांपैकी तेरा-चौदा मुले जात होती.

आरोग्यातली विषमता म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे दवाखान्यापर्यंतचे किलोमीटर येतात. पण गावातला दवाखाना आणि गावातलीच एखादी झोपडी यांच्यातही अंतर असते. जात, बुडणारी रोजी, न कळणारी भाषा, पुरुष डॉक्टरपुढे बोलण्याचा संकोच, मागच्या वेळी झालेला अपमान, हे सगळे त्या अंतरात येते. रस्ता डांबरी झाल्याने ते मिटत नाही. त्याच वस्तीतली, त्याच बोलीत बोलणारी, रात्री दार वाजवता येईल अशी कोणीतरी बाई ते कापू शकते. मात्र तिला आपण किती विद्या देतो, किती अधिकार देतो आणि तिच्या श्रमाचे मोल काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. पहिली गोष्ट महाराष्ट्राने साऱ्या जगाला करून दाखवली. उरलेल्या दोन त्याने अजून स्वतःच्या घरात आणलेल्या नाहीत.

जामखेड: पाणी आधी कोणाच्या वस्तीत

गडचिरोलीच्या आधी जामखेड होते. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले होते आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन ते परतले होते. सुरुवातीला त्यांनी प्रशिक्षित परिचारिका गावोगाव ठेवून पाहिल्या. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या त्या तरुण मुलींना गावाने आपले मानले नाही आणि त्यांनाही तिथे सुरक्षित वाटले नाही. अखेर गावकऱ्यांकडूनच सूचना आली, की गावातलीच एखादी बाई शिकवून तयार का करू नये?

निवडलेल्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांत दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. आठवड्यातून एकदा त्या जामखेडला येत. तिथे राहत, एका पंगतीत जेवत, शेजारी शेजारी झोपत. ज्या गावांत दलित बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते, तिथल्या मराठा आणि दलित बायका एकत्र राहू लागल्या, हा त्या प्रशिक्षणातला पहिला धडा होता. मग हगवण लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यायचे, गरोदरपणातली धोक्याची लक्षणे कोणती, मुलाचे वजन का घ्यायचे, कुष्ठरोग्याच्या जखमेची निगा कशी राखायची हे शिकणे. परत गेल्यावर तेच दुसऱ्यांना शिकवणे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात आरोळे दांपत्याने गावांत कूपनलिका खोदून घेतल्या आणि त्यांतल्या बऱ्याच दलित वस्तीत खोदल्या जातील असे पाहिले. पाण्यासाठी गावाला त्या वस्तीत यावे लागले. बालमृत्यूंच्या कामात कूपनलिकेच्या जागेला इतके महत्त्व कशासाठी, असा प्रश्न कोणाला पडेल. पण जुलाबाने मूल दगावते ते दूषित पाण्यामुळे, आणि दूषित पाणी कोणाच्या वाट्याला येते हे जात ठरवत असेल, तर खोदकामाची जागा निवडणे हेच औषध ठरते. जामखेडच्या कार्यक्षेत्रात १९७१ मध्ये दर हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या लोकाधारित आरोग्यप्रयोगांवर पुस्तक काढले, त्यात जामखेडचे प्रकरण होते. पुढे १९७८ च्या सप्टेंबरात अल्मा-आटा इथल्या परिषदेत ‘सर्वांसाठी आरोग्य’ ही घोषणा झाली, तिच्या मागे असे अनेक देशांतले अनुभव होते.

१९७७ ची योजना का विरली

या यशाकडे दिल्लीचे लक्ष गेले होते. जनता सरकारने २ ऑक्टोबर १९७७ रोजी गावागावांत सामुदायिक आरोग्य कार्यकर्ते नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण, औषधांची पेटी, महिन्याला ५० रुपये मानधन. कागदावर ती जामखेडसारखीच दिसत होती. प्रत्यक्षात निवड झाली ती मुख्यतः पुरुषांची, आणि ती करताना सरपंच आणि पुढाऱ्यांच्या मर्जीला मोठे वजन होते. बाळंतिणीच्या खोलीत या कार्यकर्त्याला प्रवेश नव्हता. दलित वाडीत किंवा पाड्यावर तो गेलाच पाहिजे, अशी कोणतीही सक्ती नव्हती. पाठीशी उभा राहणारा, चुकले तर समजावणारा कोणी नव्हता. योजनेची नावे बदलत गेली आणि हळूहळू ती विरून गेली.

त्या अपयशातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. कार्यकर्ता बाई असावी, आणि तिला निवडण्याचा हक्क ज्यांना तिची सर्वांत जास्त गरज आहे त्यांना असावा. २००२ मध्ये छत्तीसगडने ‘मितानिन’ कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निवडीचे एकक महसुली गाव न ठेवता पाडा ठेवला. मोठ्या गावात एकच कार्यकर्ती असली, की ती बहुधा मधल्या आळीची असते आणि ओढ्यापलीकडची वस्ती तिच्या फेरीत शेवटी येते. पाड्याने आपली बाई निवडली की तिची फेरी पाड्यातच सुरू होते.

जिथे डॉक्टर पोचत नव्हता, तिथला आजार

बंग दांपत्याच्या ‘सर्च’ या संस्थेचे काम गडचिरोलीत १९८६ मध्ये सुरू झाले. डॉ. राणी बंग यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. त्या अभ्यासाचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले आणि आरोग्याची धोरणे आखणाऱ्यांना त्यांची दखल घ्यावी लागली. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठही नव्हत्या. या दुखण्यांचे आकडे सरकारी कागदांत नव्हते, कारण बायकांनी ती कोणाला सांगितलीच नव्हती आणि कोणी विचारलीही नव्हती. विचारायला बाई लागते, आणि ती ओळखीची असावी लागते.

मग प्रश्न आला नवजात बाळांचा. बाळंतपण घरात व्हायचे. बाळ आणि बाळंतीण काळोख्या खोलीत राहायची. काही बिघडले तर दैवावर हवाला. १९९५-९६ मध्ये ‘सर्च’च्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी ७६३ नवजात बाळांच्या घरी जाऊन त्यांची पद्धतशीर नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना कोणत्या ना कोणत्या वैद्यकीय मदतीची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचलेली बाळे तीन टक्केही नव्हती. सुमारे ४२ टक्के बाळे जन्मतःच कमी वजनाची होती.

त्यातून घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत तयार झाली. आरोग्यदूत ही गावातलीच, थोडीफार शिकलेली बाई. जन्माच्या वेळी ती हजर असे, आणि नंतर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळाचे वजन व तापमान घेई. बाळ जन्मतः रडले नाही तर फुगा आणि मुखवटा वापरून त्याला श्वास देई. बाळ थंड पडू नये म्हणून त्याला गुंडाळायला, आईच्या अंगाशी ठेवायला, चीक पाजायला सांगे. जंतुसंसर्ग ओळखण्यासाठी तिला सात लक्षणे शिकवलेली होती. रडणे मंदावणे किंवा थांबणे, दूध ओढणे कमी होणे, बाळ सुस्त पडणे, अंग गार लागणे किंवा ताप येणे, नाळ वा त्वचा पिकणे, उलट्या-जुलाब किंवा पोट फुगणे, छाती आत ओढली जाणे किंवा कण्हणे. यांतली दोन लक्षणे एकाच वेळी दिसली, तर आईवडिलांना दवाखान्यात जाण्याचा सल्ला द्यायचा. ते गेले नाहीत, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे औषध स्वतः सुरू करायचे.

या सात लक्षणांत एक गोष्ट आहे, जिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. रडणे मंदावले हे कळायला बाळ काल कसे रडत होते हे माहीत असावे लागते. ओपीडीत दोन मिनिटांसाठी बाळ हातात घेणाऱ्या डॉक्टरला ते कळणार नाही. आईला कळते, आणि दर दोन-तीन दिवसांनी घरी येणाऱ्या बाईला कळते. म्हणून तिला स्वस्तातला, अर्धवट डॉक्टर समजणे चूक आहे. तिच्याजवळ असलेली माहिती डॉक्टरकडे असूच शकत नाही.

३९ गावांत ही पद्धत राबवली आणि ४७ गावांशी तुलना केली. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. कार्यक्रमाच्या गावांत नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ वर आला होता. तुलनेच्या गावांत तो साठच्या आसपासच राहिला. तुलनेच्या गावांशी ताळा घालून काढलेली घट ६२ टक्के भरली. पुढे २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने महाराष्ट्रातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त असल्याचे दाखवले. मृत्यू लपत होते ते मुख्यतः नोंदच न झाल्यामुळे. जन्माची नोंद नाही, म्हणून मृत्यूचीही नाही. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने नवजात बाळांसाठी गृहभेटींची एकत्र शिफारस केली आणि २०११ मध्ये भारत सरकारने ‘आशा’ या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत त्या देशभर सुरू केल्या.

आशाताई येते

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान १२ एप्रिल २००५ रोजी सुरू झाले आणि हजार लोकसंख्येमागे एक आशा नेमायचे ठरले. डोंगराळ आणि आदिवासी भागात वस्तीनिहाय नेमणुकीची मुभा ठेवली. ती गावाची सून असावी, माहेरवाशीण लग्न करून निघून जाते म्हणून विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता असावी, असे निकष होते. आज देशात दहा लाखांच्या आसपास आशा आहेत. महाराष्ट्रात त्यांची संख्या सत्तर हजारांच्या घरात आहे.

त्यांच्यामुळे काय बदलले, ते आकडे सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात शंभरातल्या ६५ बाळंतपणांसाठी दवाखाना गाठला जात होता. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ९५ च्या जवळ पोचले. राज्याचा अर्भक मृत्युदर २००५ मध्ये दर हजारी ३६ होता, २०२० मध्ये तो १६ झाला. याचे श्रेय एकट्या आशांचे नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, रस्ते, मुलींचे शिक्षण, नवजात बालकांचे अतिदक्षता कक्ष हे सारे त्यात आहे. पण रुग्णवाहिकेला फोन कोणी केला, ‘चल, मी येते तुझ्याबरोबर’ असे म्हणत गाडीत कोण बसले, आणि दवाखान्यात कोणी खेकसले तर मध्ये कोण पडले, याची उत्तरे गावोगाव एकच मिळतात. देशव्यापी मानव विकास सर्वेक्षणाच्या माहितीवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही गरीब आणि मागास समाजातल्या स्त्रियांपर्यंत आशा तुलनेने अधिक पोचल्याचे दिसले. विषमता कमी होण्याचा हा सरळ पुरावा आहे.

आता या कामाचा हिशेब पाहू. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. वजन, तापमान, नाळ, दूध ओढणे, आईचा रक्तस्राव, तिचे मन. या सहा भेटींचे मिळून २५० रुपये, म्हणजे भेटीला साधारण ४२ रुपये. बाळाची आज्जी ‘उद्या ये’ म्हणाली, की एका भेटीसाठी दोन फेऱ्या होतात. मोबदला दोन फेऱ्यांचा मिळत नाही.

महाराष्ट्राच्या रीतीभातीत आणखी एक पेच आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते. गरोदरपणाची नोंद सासरच्या आशाकडे, बाळंतपण माहेरच्या गावात, आणि सव्वा महिन्याने बाळ परत सासरी. लसीकरणाचे कार्ड कोणत्या पिशवीत राहिले हे कोणालाच आठवत नाही. दोन्ही गावांच्या आशा एकमेकींना फोन करून हा धागा जुळवतात. हे काम कुठल्याही मोबदल्याच्या यादीत नाही. माहेर आणि सासर दोन्ही खातीपिती असली तर तो धागा तुटला तरी निभावते. मजूर घरात तो तुटला, तर बाळाचा गोवरचा डोस राहतो.

सुई दिली नाही, रजिस्टरे दिली

सरकारने गडचिरोलीची पद्धत घेतली, पण सगळी घेतली नाही. गृहभेटी घेतल्या, वजनकाटा, थर्मामीटर आणि तक्ता घेतला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देण्याचा अधिकार आशाला दिला नाही. २०१४ मध्ये तो अटींसह एएनएमला, म्हणजे उपकेंद्राच्या नर्सबाईला मिळाला. पाच-सहा हजार लोकवस्ती सांभाळणारी नर्सबाई पावसाळ्यात नदीपलीकडे अडकलेली असेल, तर बाळाची सात लक्षणे अचूक ओळखणारी आशा त्याच्यासमोर रिकाम्या हातांनी बसते.

वैद्यकीय व्यवसायाची यामागची शंका मी समजू शकतो. इंजेक्शन हे गंभीर काम आहे आणि खेड्यांत बोगस डॉक्टरांनी त्याचा बाजार मांडलेला आहे. पण गडचिरोलीतल्या बायकांनी हे काम कडक प्रशिक्षणात आणि देखरेखीखाली, सुरक्षितपणे केलेले आहे. प्रश्न सुईच्या धोक्याचा आहे, तसाच सुई न मिळाल्याने जाणाऱ्या जिवाचाही आहे. हा दुसरा धोका शहरातल्या बाळाला नसतो, म्हणून तो बैठकीच्या टेबलावर येत नाही.

अधिकाराऐवजी आशाला रजिस्टरे मिळाली. गरोदर मातांची यादी, लसीकरणाची यादी, कुष्ठरोगाची पाहणी, क्षयरोगाची पाहणी, असंसर्गजन्य आजारांचे अर्ज, आयुष्मान कार्डे, आणि आता मोबाइलवरची अॅपे. नेटवर्क नसलेल्या पाड्यातली माहिती भरायला ती टेकडीवर चढते. महाराष्ट्रातल्या आशांनी अलीकडच्या आंदोलनांत ऑनलाइन कामाची सक्ती नको ही मागणी मांडली, ती आळसापोटी नव्हती. माहिती भरण्यात गेलेला तास घरभेटीतून वजा होतो, आणि वजा होते ते बहुधा सर्वांत लांबचे घर.

जामखेडमध्ये बाई मुलांची वजने घेई ती गावासाठी. महिला मंडळात बसून कोणाचे मूल खाली घसरले, कोणाच्या घरात दाणा नाही, हे बोलले जाई आणि तिथेच मार्ग निघे. आज तीच वजने वर जातात, तालुक्याला, जिल्ह्याला, मुंबईला, दिल्लीला. परत गावाकडे काहीच येत नाही. आपल्या गावात गेल्या वर्षी किती बाळे दगावली, हे किती सरपंच सांगू शकतील? २००७ पासून महाराष्ट्रात काही जिल्ह्यांमध्ये आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा उपक्रम चालला. जनसुनवायांमध्ये बायकांनी उभे राहून औषधे का नव्हती, पैसे का मागितले, असे अधिकाऱ्यांना तोंडावर विचारले. जिथे तो नेटाने चालला तिथे दवाखाने सुधारले. तो सरकारी यंत्रणेचा कायमचा भाग व्हायला हवा होता.

यादीबाहेरची माणसे

राज्याची सरासरी सुधारली, की मागे राहिलेले आणखी दिसेनासे होतात. २०१८-२० मध्ये महाराष्ट्राचा मातामृत्यूदर लाखामागे ३३ होता. देशाचा होता ९७. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण २०१९-२१ च्या पाहणीत त्याच महाराष्ट्रात पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती, आणि पाच वर्षांपूर्वीपेक्षा हे प्रमाण घटले नव्हते. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये देशातल्या दहा कोटींहून अधिक आदिवासींचे चित्र मांडले. त्यांच्यात पाच वर्षांखालील बालमृत्युदर हजारी ५७ होता. ज्यांना कोणतेही आरक्षण नाही अशा गटात तो ३९ होता.

दर वर्षी हंगाम सुरू झाला, की बीड जिल्ह्यातल्या तांड्यांवरून आणि वाड्यांवरून ऊसतोडीला निघालेल्या ट्रक-ट्रॅक्टरांची रांग लागते. पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर ही कुटुंबे पाच-सहा महिने राहतात. गरोदर बाईचे नाव गावच्या आशाच्या यादीत असते आणि बाई कोल्हापूरकडच्या कोपीत. तिथल्या आशाच्या यादीत ती नाही, कारण ती तिथली नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, अशा साध्या उपचारांनी बरे होऊ शकणाऱ्या तक्रारींसाठी बाई खासगी दवाखान्यात गेली, आणि ‘पिशवी’ काढून मोकळी झाली. पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादम पैसे कापतो, ही भीतीही त्यात होती. वसा आणि अमिर्झातल्या बायकांनी १९८९ मध्ये जगाला जे सांगितले, ते ऐकून प्रत्येक उपकेंद्रात स्त्रीरोगांची तपासणी आणि औषधे पोचली असती, तर यांतल्या किती शस्त्रक्रिया टळल्या असत्या?

आशा गावाला बांधलेली आहे आणि गरिबी फिरती आहे. फडावरच्या, वीटभट्टीवरच्या, बांधकामावरच्या बाईसाठी तिच्याच टोळीतली एखादी बाई शिकवून तयार करणे हा उपाय आहे. जामखेडने नेमके हेच शिकवले होते, की ज्यांचा प्रश्न आहे त्यांच्यातूनच बाई निवडा.

सेवा आणि वेतन

करोनाच्या साथीत प्रत्येक दाराशी जाऊन ऑक्सिमीटर लावणारी, बाहेरून आलेल्यांच्या याद्या करणारी, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघर फिरणारी आशाच होती. अनेक ठिकाणी तिला शिव्या बसल्या, काही ठिकाणी मार. केंद्राने त्या काळात दिलेला जादा भत्ता महिना १,००० रुपये होता. नंदुरबारमध्ये नर्मदेच्या पाण्याने वेढलेल्या पाड्यांवर एक अंगणवाडी सेविका २०२० मध्ये स्वतः होडी वल्हवत बाळांची वजने घ्यायला जात होती. देशाने तिचे फोटो कौतुकाने पाहिले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्व पुरस्कार दिला.

तरीही कायद्याच्या दृष्टीने आशा कामगार नाही. ती ‘स्वयंसेविका’ आहे, तिला मिळतो तो कामागणिक मोबदला. २०१३ मध्ये ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने आशा, अंगणवाडी सेविका अशा योजना-कर्मचाऱ्यांना कामगार मानून किमान वेतन आणि सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली होती. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कर्मचाऱ्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. महाराष्ट्रात २०२१ मध्ये, पुन्हा २०२३ च्या ऑक्टोबरपासून आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. २०२४ च्या सुरुवातीला थंडीत हजारो जणी आझाद मैदानावर मुक्कामाला बसल्या, तेव्हा मार्चमध्ये आशांच्या मोबदल्यात महिना ५,००० रुपयांची वाढ देणारा शासन निर्णय निघाला. गटप्रवर्तकांच्या वाट्याला १,००० रुपये आले.

जामखेडच्या बायका कुठे पगारी होत्या, असा प्रश्न यावर विचारला जातो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. त्यांचे काम दिवसातले काही तास आणि आपल्याच गावापुरते होते. संस्थेने त्यांना शेळ्या, छोटे धंदे, कर्ज अशा उपजीविकेच्या आधाराने उभे केले होते, आणि त्यांच्यावर वरून लादलेले उद्दिष्ट नव्हते. आजच्या आशाला उद्दिष्टे आहेत, अहवाल आहेत, कारणे दाखवा म्हणून विचारणारे साहेब आहेत. नोकरीचे सारे ओझे तिच्यावर आहे आणि नोकरीचे रक्षण मात्र नाही. बहुतेक आशा स्वतः अल्पभूधारक किंवा मजूर घरांतल्या आहेत. आरोग्यातली विषमता कमी करण्याचे काम ज्या बाईवर सोपवले, तिला आजारपणाची भरपगारी रजा नसावी, तिच्या म्हातारपणाची सोय नसावी, हे चूक आहे. बायकांनी काळजी घेणे हा त्यांचा धर्म आहे, त्याचे पैसे काय मागायचे, या जुन्या समजुतीवर एक अख्खी राष्ट्रीय योजना उभी आहे.

करायचे काय

आशाला कायम कर्मचाऱ्याचा दर्जा, निश्चित वेतन, विमा आणि निवृत्तिवेतन मिळाले पाहिजे. त्यावर ठरावीक कामांसाठी प्रोत्साहन भत्ता देता येईल. पण चूल त्या भत्त्यावर पेटायला लागू नये. दर वर्षी नवे कौशल्य शिकवणारे प्रशिक्षण हवे आणि ज्या दुर्गम भागांत डॉक्टर वेळेत पोचणे अशक्य आहे, तिथे निवडक आशांना नवजात बाळाच्या जंतुसंसर्गावर उपचार करण्याचा अधिकार हवा. गडचिरोलीने पंचवीस वर्षांपूर्वी सिद्ध केलेली गोष्ट गडचिरोलीतच कायद्याने अडलेली असणे योग्य नाही. तिच्यामागे चालू उपकेंद्र, औषधे आणि वेळेवर येणारी गाडी असली पाहिजे. ती बाळाला दवाखान्यात पाठवते आणि तिथे डॉक्टरच नसतो, तेव्हा गावाचा विश्वास तिच्यावरून उडतो, डॉक्टरवरून नाही.

रजिस्टरे निम्मी करावीत आणि जी उरतील ती आधी गावाला वाचून दाखवावीत. प्रत्येक ग्रामसभेत त्या वर्षी गावात झालेला प्रत्येक बालमृत्यू आणि मातामृत्यू, नाव न घेता, कारणासह मांडला जावा. कोणत्या वस्तीत झाला, कोणती मदत कुठे अडली, ती पुढच्या वेळी अडू नये म्हणून कोण काय करणार, हे इतिवृत्तात लिहिले जावे. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. माहिती आशाच्या वहीत आहेच. ग्रामसभेने ती मागायची आहे आणि ती ऐकायला बसायचे आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण शहरात राहत असतील, पण त्यांची गावे आहेत, गावात शब्दाला वजन आहे. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला गावी जा, आशाताईंना बोलायला पुढे बोलवा आणि गावातल्या कोणत्या घरापर्यंत अजून पोचता आलेले नाही, हे त्यांना सर्वांसमोर विचारा. त्या घराचे नाव इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेत पहिला प्रश्न त्याच घराचा विचारा.